बाळाचा क्रिब, आजोळचं घोडियुं आणि रात्रीची झोप

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची नात ३५ व्या आठवड्यात जन्मली, वजन २ किलो १०० ग्रॅम. काही दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काढून आता ती बडोद्यात मांजलपूरला घरी येते आहे. घरात तिच्यासाठी तीन जागा तयार आहेत. सुनेने ऑनलाइन मागवलेला लाकडी क्रिब, त्यासोबत उशा, लोड, रजई आणि कडेने बांधायच्या मऊ गुबगुबीत पट्ट्या. तुमच्या मुलाला ज्यात वाढवलं तो सागवानी पाळणा. आणि गुजराती व्याह्यांनी हौसेने पाठवलेलं संखेड्याचं रंगीत घोडियुं, म्हणजे कापडी खोळीचा पाळणा. यातल्या कशात निजवायचं, आणि उताणं निजवलं तर दूध वर येऊन ठसका लागणार नाही का, हे तुम्ही विचारलंय.

झोपेसाठी क्रिब. रात्रीही आणि दुपारीही. पाळणा आणि घोडियुं दोन्ही ठेवा, त्यांचा उपयोग पुढे सांगते. पण क्रिब आला म्हणजे काम झालं असं नाही. सेटमधून जे जे आलंय त्यातलं बहुतेक सगळं बाहेर काढून ठेवल्यावरच तो बाळाच्या झोपेला योग्य होतो.

आधी ठसक्याची भीती, कारण ती मनातून गेली नाही तर बाकीचं सगळं सांगून उपयोग नाही. रात्री तीन वाजता घरातलं कोणीतरी बाळाला हळूच पालथं किंवा कुशीवर करेलच. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली, पाठीच्या बाजूला. पोटातून दूध वर आलं तर ते खालच्या नळीतून येतं आणि श्वासनलिकेत शिरायला त्याला वर चढावं लागतं. बाळ पालथं केलं की हेच उलटं होतं. श्वासनलिका खाली जाते आणि वर आलेलं दूध तिच्या तोंडाशी सहज जमतं. शिवाय निरोगी बाळाला गिळण्याची आणि खोकण्याची उपजत प्रतिक्रिया असते. म्हणून दूध काढणाऱ्या बाळालाही आम्ही उताणंच निजवायला सांगतो. दूध पाजून झाल्यावर खांद्यावर उभं धरा, ढेकर येऊ द्या, आणि मग पाठीवर ठेवा. डोक्याकडची बाजू उंच करायला गादीखाली उशी सरकवू नका. त्याने दूध यायचं थांबत नाही आणि बाळ घसरून मान दुमडते.

पालथं झोपण्यात नक्की काय होतं? तोंड गादीशी टेकतं, बाळ स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि झोप इतकी गाढ लागते की श्वास अडला तरी जाग येत नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर निजवण्याची मोठी मोहीम झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त निजवण्याची पद्धत बदलली. माझ्या कामात इतक्या साध्या गोष्टीने इतके जीव वाचलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत, म्हणून याबाबत मी हट्टी आहे.

कुशीवरही नको. कुशीवरचं बाळ केव्हाही पालथं घरंगळतं. आणि सवय नसलेल्या बाळाला कधीतरी एकदाच पालथं घातलं तर धोका उलट अनेक पटींनी वाढतो. म्हणजे सुनेने महिनाभर उताणं निजवलं आणि एका दुपारी मालीशवाल्या बाईंनी "असं छान झोपतं" म्हणून पालथं घातलं, ती दुपार सगळ्यात वाईट. त्यामुळे घरात जे जे बाळाला निजवणार आहेत त्या सगळ्यांनी हे ऐकलेलं हवं. तुम्ही, सून, मुलगा, मालीशवाल्या बाई आणि चार दिवसांसाठी आलेल्या आत्यासुद्धा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तुमच्याकडे ती अडचण येणार आहे. एनआयसीयूत तुम्ही नातीला पालथं झोपलेलं पाहिलं असेल. "हॉस्पिटलमध्ये तर नर्सच तशी ठेवायची" असं मला आजी हमखास सांगतात. खरं आहे. लवकर जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास असतो तेव्हा पालथं ठेवल्याने फुप्फुसांना मदत होते. पण तेव्हा पायाला ऑक्सिजन मोजणारी पट्टी असते, छातीवर तारा असतात आणि जरा आकडा खाली आला की घंटी वाजते. तुमच्या घरी ते काही नाही. म्हणूनच डिस्चार्जच्या बऱ्याच आधी आम्ही बाळाला पाठीवर झोपायची सवय लावायला घेतो. लवकर जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना झोपेतला धोका पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त असतो, म्हणून तुमच्या नातीच्या बाबतीत ढिलाई नको.

आता क्रिब. मोजपट्टी घेऊन बसा.

उभ्या दांड्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. तान्ह्या बाळाचं धड बारीक आणि डोकं मोठं असतं. फट मोठी असली की पाय आणि पोट बाहेर निसटतं आणि डोकं आत अडकून बाळ मानेवर लोंबकळतं. मोजपट्टी नसेल तर कोल्ड्रिंकचा नेहमीचा जाड कॅन घ्या, तो दांड्यांमधून आरपार जाता कामा नये. कोपऱ्यांचे खांब कठड्याच्या वर डोकावणारे नकोत, झबल्याचा गळा त्यात अडकतो. डोक्याकडच्या फळीला कोरीव नक्षीच्या आरपार खिडक्या असतील तर तो क्रिब परत करा. एक बाजू खाली सरकवायची सोय असलेले क्रिब अमेरिकेत २०११ पासून बंद आहेत, कारण ती बाजू निखळून बाळं मध्ये अडकली. आपल्याकडे नात्यागोत्यात असे जुने क्रिब हातोहात फिरतात. तुमचा तसा निघाला तर ती बाजू कायमची पक्की केली तरी मी तो वापरू देणार नाही.

क्रिब जोडताना उरलेला एकही स्क्रू "असेल जादा" म्हणून बाजूला ठेवू नका. जोडून झाल्यावर दोन्ही हातांनी कठडा धरून जोरात हलवा. खळखळला तर कुठेतरी ढिला आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दिवाळीनंतर कोरडं पडतं, म्हणून बडोद्यात वर्षातून दोनतीनदा सगळे स्क्रू पुन्हा आवळावे लागतात.

गादीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आपल्या मनात बाळाची गादी म्हणजे मऊ, कापूस पिंजून भरलेली, हात ठेवला की आत जाणारी. झोपेसाठी नेमकी तीच नको. गादी इतकी कडक हवी की बाळाचं डोकं ठेवल्यावर खळगा पडणार नाही. तळवा दाबून उचला, पृष्ठभाग लगेच सपाट व्हायला हवा. मोठ्या माणसाला ती टणक वाटेल, बाळाला तीच ठीक आहे. आणि ती क्रिबच्या आतल्या मापात घट्ट बसायला हवी. गादी एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या बाजूच्या फटीत बोटं घाला. दोन बोटं सैल जात असतील तर फट जास्त आहे.

रावपुऱ्यातल्या एका घरी मी गेले होते, तिथे गादी चार बोटं लहान होती. आईने फट भरायला गुंडाळलेलं दुपटं खोचलं होतं. बाळ पाच महिन्यांचं, वळायला लागलेलं. दुपटं सुटलं आणि बाळाचं तोंड गादी आणि कठड्याच्या मधे गेलं. आजी तिथेच शेजारी भाजी निवडत होत्या. त्यांनी सहज वर पाहिलं, म्हणून बाळ वाचलं. त्या मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "अगं, आवाजच आला नाही." आवाज येत नाही, ताई. रडायला हवा लागते आणि ज्याचं नाक-तोंड दाबलं गेलंय त्या बाळाकडे ती नसते. "मी जवळच असते, रडलं की कळेल" यावर म्हणूनच विसंबू नका. माप चुकलं असेल तर गादीवाल्याकडून क्रिबच्या आतल्या मापाने काथ्याची किंवा कडक फोमची गादी कापून घ्या, ते काम एका दिवसात होतं. दोन गाद्या एकावर एक घालू नका. वर एकच चादर, चारही कोपऱ्यांना घट्ट ताणलेली. मेणकापड घालायचं तर चादरीच्या खाली आणि कडा गादीखाली पूर्ण खोचलेल्या. सुटं मेणकापड बाळाच्या तोंडावर आलं तर चिकटतं.

या चादरीवर आणखी काय? बाळ. बस्स.

कडेने बांधायच्या मऊ पट्ट्या काढून टाका. त्या डोकं आपटू नये म्हणून विकतात, पण या वयात कठड्यावर डोकं आपटून होणारी इजा किरकोळ असते आणि पट्टीत नाक दाबलं जाणं जिवावर बेततं. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून त्यांची विक्रीच बंद केली, आणि त्याच कायद्यात १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांना निजवायची साधनंही. लोड, रजई, गोधडी, कापडी ससा, सगळं कपाटात.

मोहरीच्या उशीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ती घरात आलेली असणार. डोकं गोल व्हावं म्हणून ती ठेवतात. झोपेत तीही नको. उशीने मान पुढे झुकते आणि लवकर जन्मलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. शिवलेली उशी फाटली तर मोहरी नाकातोंडात जाण्याचा धोका वेगळाच. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून दुसरं काहीतरी करता येतं. एक दिवस बाळाचं डोकं क्रिबच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवा. बाळ उजेडाकडे आणि आईकडे पाहतं, त्यामुळे मान आपोआप दोन्हीकडे वळते. आणि जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून दोनतीनदा चारपाच मिनिटं पोटावर ठेवा. सातव्या आठवड्यापर्यंत ते दिवसाला १५ ते ३० मिनिटांपर्यंत नेता येतं, आणि तुमच्या नातीसाठी हे आठवडे प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजा. पालथं घालायची तुमची हौस तिथे भागवा, मानेला बळही येतं.

गळ्यातला काळा दोरा, ताईत, काळ्या मण्यांची माळ. नजरेची श्रद्धा मला मोडायची नाही. मनगटात किंवा पायात बांधा, सैलही नको आणि वळ उठेल इतकं घट्टही नको. गळ्यात मात्र काहीच नको. झबल्याच्या नाड्या मागे बांधायच्या असतील तर आखूड ठेवा. कुंची आणि टोपडं बाहेर नेताना घाला. झोपेत ती सरकून डोळ्यांवर, मग नाकावर येतात, आणि बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटेच बाहेर पडते. वजन कमी असल्याने डॉक्टरांनी सुरुवातीला टोपी घालायला सांगितली असेल तर अंगाबरोबर बसणारी, नाडी नसलेली घाला, आणि ती कधी बंद करायची हे पुढच्या तपासणीत विचारून घ्या.

मालीश आणि आंघोळीनंतरची झोप, हीच वेळ मला जास्त काळजीची वाटते. बाळ दमलेलं असतं, अंग गरम असतं, दुपट्यात घट्ट गुंडाळून वर गोधडी घालून अंधाऱ्या खोलीत ठेवतात आणि "चार तास हललं नाही" म्हणून सगळे खूश होतात. धुरी तर नकोच, छोट्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. बिडी-सिगारेटचंही तसंच. घरात कोणी ओढत असेल तर झोपेतल्या धोक्याच्या कारणांत ते फार वरचं कारण आहे, आणि बाल्कनीत जाऊन ओढल्याने ते पूर्ण मिटत नाही. दुपट्यात गुंडाळायचं तर छातीशी तुमचा हात आत जाईल इतकं सैल आणि कमरेखाली पाय दुमडता येतील इतकं मोकळं ठेवा, नाहीतर खुब्याच्या सांध्यांना त्रास होतो. बाळ वळायची चिन्हं दिसू लागली, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की गुंडाळणं बंद. हात अडकलेलं बाळ पालथं झालं तर त्याला तोंड वळवता येत नाही. झोप लागावी म्हणून कुठलीही गोळी किंवा गुटी देऊ नका.

बडोद्याच्या उन्हाळ्यात एसी चालवावा का? चालवा. उकाड्यात घामाघूम झालेलं बाळ जास्त धोक्यात असतं. २६ ते २८ अंशांवर ठेवा आणि वाऱ्याचा झोत थेट क्रिबवर येऊ देऊ नका. कपडे किती हे पाहायला मान आणि पोट चाचपा. मान घामेजलेली असेल तर एक थर काढा. पोट गरम पण तळपाय गार लागत असतील तर एक थर घाला, कमी वजनाच्या बाळात ती थंडी वाजण्याची पहिली खूण असते. थर म्हणजे कपडा, वरून घातलेलं पांघरूण नव्हे. उत्तरायणाच्या गार रात्रींसाठी बिनबाह्यांची, पायापर्यंत चेन असलेली झोपायची पिशवी मिळते, ती तोंडावर येत नाही. तिच्यात वजन भरलेला प्रकार घेऊ नका.

डासांसाठी मच्छरदाणी हवीच, पावसाळ्यात तर डेंग्यू-मलेरिया दोन्ही असतात. छत्रीसारखी उघडणारी छोटी जाळी गादीवर ठेवू नका, बाळ हात-पाय मारून ती अंगावर ओढून घेतं. जाळी क्रिबच्या बाहेरून, वर ताणून बांधा. क्रिब खिडकीपासून, पडद्याच्या दोऱ्यांपासून आणि मोबाइल चार्जरच्या वायरींपासून दूर ठेवा.

आता पाळणा आणि घोडियुं. ही दोन्ही नाकारून तुम्ही नातेवाइकांना दुखवावं असं मला वाटत नाही. संखेड्याची ती लाखकामाची खरादकारी आहेच देखणी. पण घोडियाची अडचण त्याच्या कापडी खोळीत आहे. बाळ मधे रुततं, पाठ कमानीसारखी वाकते, हनुवटी छातीवर येते आणि दोन्ही बाजूंचं कापड तोंडाजवळ येतं. जागेपणी बाळ धडपडून जागा बदलतं, झोपेत बदलत नाही. मोठी झालेली मुलं अशा साडीच्या किंवा कापडाच्या झोळीत पीळ बसून मानेने अडकल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सागवानी पाळण्यात खोळ नसली तरी तो डोलताना बाळ एका बाजूला घरंगळतं आणि दांड्यांशी तोंड टेकतं. शिवाय तुमच्या पाळण्याचा रंग जुना आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल सांगता येत नाही, आणि दात येऊ लागले की बाळ कठडा चावतंच. घासून नवा रंग देऊ नका, घासताना उडणारी धूळ आणखी वाईट.

म्हणून बारसं सागवानी पाळण्यात करा. कड्या, साखळ्या, वरचा हूक एकदा तपासून, चिमणाळं (वर टांगायचं खेळणं) लावून, फुलांनी सजवून. घोडियात आजोळची मंडळी आली की बाळ जागं असताना, कोणीतरी समोर बसून झोका देत असताना ठेवा. डोळे मिटले की उचलून क्रिबमध्ये उताणं ठेवायचं. कारच्या सीटमध्ये किंवा बाबागाडीत झोप लागली तरी हेच, घरी पोचल्यावर तिथेच झोपू देऊ नका. व्याहीणबाईंना हे सुनेने सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलंत तर मनाला लागणार नाही. चिमणाळं पुढे क्रिबच्या वर टांगलंत तर हाताला न लागेल इतकं उंच, आणि पाचव्या महिन्यात काढून टाका.

आईच्या कुशीत का नको, हा पुढचा प्रश्न असणारच. आपण सगळे तसेच वाढलो. एकाच खोलीत झोपणं चांगलंच, किमान पहिले सहा महिने क्रिब आईच्या पलंगाला हात लांब केला की लागेल इतका जवळ हवा. पण ३७ आठवड्यांआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात जोखीम बरीच जास्त असते, आणि तुमची नात दोन्हीत येते. सुनेला दर दोनतीन तासांनी पाजायचं आहे. पाजता पाजता तिचा डोळा लागणार, हे गृहीतच धरा. म्हणून तिने सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून रात्री पाजू नये, तिथे डोळा लागला तर बाळ फटीत सरकतं. पलंगावर, उशा-पांघरुणं दूर सारून पाजावं, आणि जाग आली की बाळ क्रिबमध्ये परत ठेवावं. रात्रीच्या निदान एका पाजण्याला तुमच्या मुलाने उठावं, ढेकर काढून बाळ ठेवायचं काम त्याचं. आईचं दूध स्वतःच या धोक्यापासून बरंच संरक्षण देतं, म्हणून तिच्या झोपेची सोय घराने करायला हवी.

पुढे बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंनी वळायला लागलं की तुम्ही पाठीवर ठेवायचं, मग ते पालथं झालं तर रात्रभर उलटवत बसायचं नाही. बसायला लागायच्या आधी गादीची फळी एक पायरी खाली घ्या, धरून उभं राहायच्या आधी सगळ्यात खाली. उंची साधारण ९० सेंटिमीटर झाली की क्रिब सोडायचा.

शेवटी श्वासाबद्दल, कारण पहिल्या रात्री तुम्ही तिच्याकडे बघत जागणार. लवकर जन्मलेली बाळं भरभर श्वास घेतात, मग पाच-दहा सेकंद थांबतात, पुन्हा भरभर घेतात. रंग गुलाबी असेल तर हे चालतं. २० सेकंदांहून जास्त थांबली, ओठ निळसर झाले किंवा अंग ढिलं पडलं तर लगेच तळपायावर टिचकी मारून किंवा पाठ चोळून जागं करा आणि १०८ ला फोन करा. ती लगेच सावरली तरी त्याच रात्री दाखवायला न्या, सकाळपर्यंत थांबू नका. बाजारात मोज्यात बसवायची ऑक्सिजन मोजणारी यंत्रं मिळतात, ती वापरणाऱ्या घरांतही वर सांगितलेलं सगळं तसंच पाळावं लागतं.